कर्नल नायडू : पराक्रम आणि स्वभाव

मल्लाची वा मुष्टियोद्ध्याची थोरवी त्याच्या भुजांत मोजावी कीं त्याच्या शीलांत, हा वाद फार जुना आहे. धरमपेठेंत लक्ष्मीभुवन चौकाच्या आसपास चार क्रीडाशौकीन जमले कीं तो हटकून निघतो आणि चहा निवून गेला तरी मिटत नाहीं. पक्ष बहुधा दोनच असतात. पहिला म्हणतो, ज्यानें रिंगणांत जग जिंकलें त्याच्या घरांत डोकावण्याचा आपणांस अधिकार काय? दुसरा म्हणतो, ज्याला स्वतःला जिंकतां आलें नाहीं त्यानें जग जिंकलें तरी तें फुकट. श्रोतेहो, हे दोन्ही पक्ष मला उतावळे वाटतात. पहिला पक्ष खेळाडूला माणूसच मानीत नाहीं, आणि दुसरा त्याला आधीं संतांच्या मालिकेंत बसवितो व मग तेथून खालीं ओढतो. आज या वादाची तपासणी मी एका नागपूरकराच्या चरित्राच्या आधारें करणार आहें. परंतु त्यापूर्वीं मुष्टियुद्धाच्या इतिहासांतील दोन साक्षी घेऊं, म्हणजे तागडी कोठें धरावी हें ध्यानांत येईल.

पहिली साक्ष मुहंमद अलीची. व्हिएतनामच्या युद्धावर जाण्याचें नाकारून त्यानें 1967 सालीं आपलें जगज्जेतेपद गमावलें आणि उमेदीचीं तीनहून अधिक वर्षें रिंगणाबाहेर काढलीं. 1971 सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याची शिक्षा रद्द केली. तत्त्वासाठीं एवढी किंमत मोजणारा खेळाडू विरळा. पण त्याच अलीनें जो फ्रेझर या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, बंदीच्या काळांत ज्यानें त्याला साह्य केलें होतें त्याच फ्रेझरला, 1975 सालच्या मनिला येथील लढतीपूर्वीं गोरिल्ला म्हणून साऱ्या जगापुढें हिणवलें. अंगावरचे ठोसे फ्रेझर विसरला असेल. तो शब्द त्याला पुढें अनेक वर्षें विसरतां आला नाहीं. एकाच माणसाच्या अंगीं एवढें मोठें धैर्य आणि एवढी क्षुद्र क्रूरता नांदूं शकते, हें येथें उघड होतें. एकानें दुसरें पुसलें जात नाहीं.

दुसरी साक्ष जॅक जॉन्सनची. 1908 सालीं सिडनी येथें टॉमी बर्न्सचा पराभव करून तो जड वजनाच्या गटांतील पहिला कृष्णवर्णी जगज्जेता झाला. त्याच्या चालीरीतींविषयीं अमेरिकेंत एवढा गहजब झाला कीं 1913 सालीं त्याला न्यायालयानें दोषी ठरविलें. गोऱ्या स्त्रियांशीं त्याचे संबंध होते, आणि त्या काळच्या गोऱ्या समाजाला तेंच मुळांत सहन होत नव्हतें. 2018 सालीं, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर, त्या खटल्याबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्याला मरणोत्तर क्षमा दिली. ज्याला तेव्हां शीलभ्रष्टता म्हटलें गेलें त्यांतील पुष्कळसा भाग साक्षीदारांच्या द्वेषाचा होता. म्हणून एखाद्या वीराच्या स्वभावावर आरोप ऐकला कीं पहिला प्रश्न हाच विचारावा : हें सांगतो कोण?

आतां नागपूरकडे वळूं. येथील मातीला मुष्टियुद्ध परकें नाहीं. अल्फिया पठाण या येथील युवतीनें 2021 सालीं पोलंडमधील युवा जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. परंतु चालत्या कारकीर्दीचें वजन करणें हें इतिहासाचें काम नव्हे. तागडींत घालण्यास पूर्ण झालेलें आयुष्य लागतें. आणि तसें आयुष्य शोधूं लागलें तर या शहरांत एक नांव सर्वांच्या आधीं ओठांवर येतें, तें म्हणजे कर्नल कोटारी कनकय्या नायडू यांचें. खेळ त्यांचा क्रिकेटचा. पण त्यांची तऱ्हा मुष्टियोद्ध्याचीच होती. आघात करावा आणि आघात सोसावा, या दोहोंपलीकडे तिसरें कांहीं त्यांना जणूं ठाऊकच नव्हतें.

31 ऑक्टोबर 1895 रोजीं ते नागपुरांत जन्मले. नायडू घराणें मूळचें तेलुगु, पण नागपुरांत स्थिरावलेलें आणि वकिलीमुळें मानमान्यता पावलेलें होतें. 1916 सालीं मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या बाजूनें ते प्रथम उतरले, आणि धांवांचें खातें त्यांनीं षटकारानें उघडलें असें सांगतात. 1923 सालीं तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले. तेथील सैन्यांत त्यांना हुद्दा मिळाला, आणि कर्नल ही उपाधि पुढें त्यांच्या नांवाला चिकटली ती कायमची.

त्यांची थोरवी आंकड्यांत शोधणाराची निराशा होईल. कसोटी सामने अवघे 7, धांवा 350, सरासरी बरोबर 25. त्यांच्या नेतृत्वाखालीं भारत 4 कसोटी सामने खेळला. त्यांपैकीं 3 हरला व 1 अनिर्णित राहिला. पहिला कसोटी सामना ते खेळले तेव्हां त्यांना सदतिसावें वर्ष चालू होतें, ही गोष्ट येथें विसरूं नये; देशाला कसोटीचा दर्जा मिळेपर्यंत त्यांचें तारुण्य संपत आलें होतें. प्रथम श्रेणीच्या 207 सामन्यांत त्यांनीं 11,825 धांवा काढल्या आणि 411 गडी बाद केले, हा हिशेब अधिक न्याय्य होय. पण खरी थोरवी तेथेंहि नाहीं. ती 1 डिसेंबर 1926 या एका दिवसांत आहे.

त्या वर्षीं आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदु संघाशीं त्यांचा सामना लागला. पाहुण्यांच्या डावांत गाय अर्ल यानें षटकारांची आतषबाजी केली होती, आणि लोक तिचेंच कौतुक करीत होते. दुसऱ्या दिवशीं नायडू मैदानांत आले आणि दोन तासांच्या आंत त्यांनीं 153 धांवा काढल्या. त्यांत षटकार 11 होते. बातमी शहरांत पसरली तशी माणसें कचेऱ्या सोडून मैदानाकडे धांवलीं, झाडांवर चढलीं, गच्च्यांवर उभीं राहिलीं. एम. सी. सी. नें त्यांना चांदीची बॅट अर्पण केली. हा केवळ फटकेबाजीचा विक्रम नव्हता. साहेबानें शिकविलेल्या खेळांत साहेबाच्या निवडक गोलंदाजांना साहेबाच्याच जिमखान्यांत, जेथें हिंदी माणसास सभासद म्हणून प्रवेश नव्हता तेथें, एका हिंदी माणसानें असें झोडपलें, याचा अर्थ प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावा लागला नाहीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1928 सालीं, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें आणि कसोटी क्रिकेटचा दरवाजा उघडला. त्या दरवाजावर पहिली थाप नायडूंच्या बॅटीची होती, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

येथवर सर्व सोनेंच सोनें. आतां दुसरें पारडें भरूं.

1932 सालीं भारतीय संघ इंग्लंडास गेला. कर्णधार पोरबंदरचे महाराज होते आणि उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. 25 जून रोजीं लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना सुरू व्हावयाचा, तेव्हां हे दोघेहि बाजूस झाले आणि नेतृत्व नायडूंकडे आलें. महाराजांच्या समंजसपणाचें कौतुक केलें पाहिजे. आपल्याहून श्रेष्ठ माणसाला वाट करून देणें हा गुण राजवाड्यांत फारसा पिकत नाहीं. पण सामन्याच्या सकाळीं कांहीं खेळाडूंनीं नायडूंच्या हाताखालीं खेळण्याचें नाकारलें, आणि पतियाळाच्या महाराजांची तार आल्यावर ते कसेबसे मैदानांत उतरले, असें इतिहासकारांनीं नोंदलें आहे. परतीच्या प्रवासांत तर एका खेळाडूनें त्यांना बोटीवरून समुद्रांत फेंकून देण्याची भाषा केली, असेंहि सांगतात. एवढा राग कशाचा होता? नायडू गर्विष्ठ आहेत, फटकून वागतात, क्षेत्ररक्षणांत चूक झाली तर चारचौघांत खडसावतात, थट्टामस्करी त्यांना खपत नाहीं, हे आरोप होते.

हे आरोप करणारे कोण होते, तें आतां पाहूं. त्या काळचें भारतीय क्रिकेट संस्थानिकांच्या दानावर जगत होतें. प्रत्येक दरबाराचे आपापले खेळाडू, आपापले हेर, आपापलीं वैरें. अशा मंडळींत एक वकिलाचा मुलगा ताठ मानेनें उभा राहतो, कोणाची मर्जी संपादन करावयास जात नाहीं, आणि तरीहि देशाचा पहिला कर्णधार होतो, हें पुष्कळांना रुचण्यासारखें नव्हतें. महाराजानें तोच ताठा दाखविला असता तर त्याला राजतेज म्हटलें असतें! म्हणून ‘गर्विष्ठ’ या शब्दांतील निम्मा वांटा मी साक्षीदारांच्या खात्यावर टाकतों. सामन्यांत मात्र निस्सारनें सुरुवातीलाच आग ओकली, इंग्लंडचे 3 गडी 19 धांवांत परतले, आणि हाताला दुखापत होऊनहि नायडूंनीं पहिल्या डावांत संघातर्फें सर्वाधिक 40 धांवा केल्या. सामना 158 धांवांनीं गेला, पण भारताची अब्रू गेली नाहीं. त्या दौऱ्यांत प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं 1,618 धांवा काढल्या, 65 गडी बाद केले, आणि विस्डेन या ग्रंथानें वर्षांतील पांच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली. त्यांचा एक षटकार वॉरिकशायर परगण्यांतून नदी ओलांडून वूस्टरशायर परगण्यांत पडला, अशी आख्यायिका आहे. भूगोलाचे शिक्षक ती आनंदानें सांगतात.

परंतु उरलेला निम्मा वांटा कोणाच्या खात्यावर टाकावयाचा? येथें 1936 सालचा दौरा आडवा येतो, आणि माझ्या मतें नायडूंच्या चरित्राची खरी कसोटी तीच होय.

त्या वर्षीं त्यांना डावलून विजयानगरमच्या महाराजकुमारांना कर्णधार करण्यांत आलें. महाराजकुमारांची खेळाडू म्हणून योग्यता सांगावयास एकच आंकडा पुरे : 3 कसोटी सामने मिळून 33 धांवा. दौऱ्यांत फितुरी, चहाडी आणि बक्षिसें यांचा बाजार भरला. लाला अमरनाथ या तरुण खेळाडूला पहिल्या कसोटीपूर्वींच बेशिस्तीच्या आरोपावरून मायदेशीं परत धाडलें गेलें. ओव्हलच्या शेवटच्या सामन्यापूर्वीं बाका जिलानी या गोलंदाजानें न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा सर्वांदेखत अपमान केला आणि त्या कामगिरीबद्दल त्याला संघांत जागा मिळाली, ही हकीकत क्रिकेटच्या इतिहासांत वारंवार आलेली आहे. त्याचा तो एकमेव कसोटी सामना ठरला. नायडूंचाहि तो अखेरचा. दुसऱ्या डावांत गबी ॲलनचा एक चेंडू त्यांच्या छातीवर आदळला. ते खेळत राहिले आणि 81 धांवा काढूनच परतले. कसोटींतील त्यांची हीच सर्वांत मोठी धांवसंख्या. अपमानाला त्यांनीं दिलेलें उत्तर एवढेंच. तोंडानें ते एक शब्द बोलल्याचें कोणी सांगत नाहीं.

येथें टाळ्या वाजविण्याचा मोह होतो. पण थांबा. दौऱ्यानंतर मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीनें चौकशी केली आणि 1937 सालीं अहवाल दिला. अमरनाथवरचा ठपका तिनें दूर केला, महाराजकुमारांच्या नेतृत्वाला दोष दिला. पण त्याचबरोबर नायडूंविषयींहि तिनें म्हटलें कीं ते संघापासून अलिप्त राहिले आणि कर्णधारास त्यांनीं साह्य केलें नाहीं. ही साक्ष कोणा दुखावलेल्या दरबाऱ्याची नाहीं. जॉन्सनच्या खटल्यांत लावलेली पळवाट येथें लागू पडत नाहीं. महाराजकुमार साह्यास पात्र नव्हते हें खरें. पण त्या संघांत केवळ महाराजकुमार नव्हते. ज्यांचें पहिलेंच परदेशगमन होतें अशीं तरुण पोरेंहि होतीं, आणि फितुरीच्या त्या बाजारांत कोणाच्या पाठीशीं उभें राहावें हें त्यांना कळत नव्हतें. सर्वांत वडील आणि सर्वांत मानाचा खेळाडू मौन धारण करून आपल्या खोलींत बसला, तर त्याचा मान सुरक्षित राहतो. त्या पोरांचें काय? स्वाभिमान हा गुण खरा, पण त्या उन्हाळ्यांत नायडूंनीं तो एकट्यापुरता वापरला. हा दोष मी त्यांच्या पदरांत घालतों.

तिसरा आरोप कठोरपणाचा. मार लागला तरी जागा चोळावयाची नाहीं, वेदना प्रतिपक्षाच्या नजरेस पडतां कामा नये, हा त्यांचा नियम होता. मला व्यक्तिशः हा नियम अर्धवट रानटी वाटतो. आजचा वैद्य तर तो ऐकूनच कपाळाला हात लावील. पण येथें एक गोष्ट त्यांच्या बाजूनें पडते, आणि ती वजनदार आहे. हा नियम दुसऱ्यांना एक आणि स्वतःला एक असा नव्हता. 1951-52 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दांत पडले. तेव्हां त्यांचें वय 56 होतें. पडलेले दांत त्यांनीं बॅटीनें खेळपट्टीवरून बाजूस सारले, उपचार नाकारले आणि पुढें खेळत राहिले, असें त्या सामन्याविषयीं सांगतात. (याच गृहस्थांनीं 1941 सालीं एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीला आपलें नांव दिलें होतें; अशा जाहिरातींत झळकलेले ते पहिले भारतीय क्रिकेटपटु मानले जातात. तें टॉनिक खपलें असल्यास नवल नाहीं.)

रक्ताच्या नात्यालाहि त्यांच्याकडे सूट नव्हती. धाकटे बंधु सी. एस. नायडू हे नामांकित फिरकी गोलंदाज. मार्च 1945 मध्यें होळकर विरुद्ध मुंबई या अंतिम सामन्यांत कर्णधार थोरले बंधु होते. मुंबईनें दोन डावांत मिळून 1,226 धांवा केल्या, आणि त्या सामन्यांत धाकट्यानें 917 चेंडू टाकले. एका सामन्यांत एवढे चेंडू प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें दुसऱ्या कोणीहि टाकलेले नाहींत. डेनिस कॉम्प्टन त्या वेळीं होळकरांकडून खेळले आणि दुसऱ्या डावांत 249 धांवा काढून नाबाद राहिले, तरी सामना 374 धांवांनीं गेला. 917 चेंडूंनंतर त्या खांद्याची काय स्थिति झाली असेल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. थोरल्यानें त्याला एक दिवस विसावा द्यावयास हवा होता कीं नाहीं, याविषयीं माझें मत मी लपवीत नाहीं : द्यावयास हवा होता. परंतु पक्षपाताचा आरोप तरी कोणी करूं शकणार नाहीं.

या कठोरपणाचें फळ काय निघालें? त्यांच्या काळांत होळकर संघानें 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, आपल्या नागपुरांतच जन्मलेले हिरालाल गायकवाड, हीं सर्व माणसें त्या कडक छायेंत वाढलीं. मुश्ताक अलींचें उदाहरण मला विशेष वाटतें. त्यांचा खेळ म्हणजे स्वच्छंदाची परमावधि. पुढें सरसावून, नियम मोडून फटके मारणें हेंच त्यांचें सौंदर्य. त्यांना पोरवयांत हेरून नायडूंनीं हातीं धरलें, आणि एवढी शिस्त लावूनहि त्यांचा तो स्वच्छंद मोडला नाहीं. जो नुसता जुलमी असतो तो शिष्याला आपल्या सांच्यांत ओततो. ज्यांनीं वेदना चोळूं दिली नाहीं त्यांनीं फटका मात्र मोकळेपणानें मारूं दिला. हा विवेक गर्विष्ठ माणसाजवळ सहसा नसतो.

तेव्हां हिशेब असा पडतो. गर्वाचा आरोप निम्मा दरबारी मत्सराचा. कठोरपणाचा आरोप खरा, पण तो त्यांच्या पराक्रमाच्या मुळांतूनच उगवलेला. 1926 चे षटकार घ्यावयाचे आणि 1952 चे दांत नाकारावयाचे, असें करतां येणार नाहीं. अलिप्ततेचा आरोप मात्र पराक्रमाशीं जोडलेला नाहीं. 1936 च्या उन्हाळ्यांत ते तरुणांमध्यें मिसळले असते तर त्यांची बॅट कांहीं हलकी झाली नसती. म्हणून तो दोष स्वतंत्रच ठेवावा लागतो; षटकारांच्या ढिगाखालीं तो पुरतां येत नाहीं. फ्रेझरला उद्देशून उच्चारलेल्या त्या शब्दाशीं मात्र मी त्याची तुलना करणार नाहीं. अलीनें जखम केली, नायडूंनीं मलम दिलें नाहीं.

पुढील आयुष्य थोडक्यांत. 1956 सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. तो मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटु. 1956-57 च्या हंगामांत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, उत्तर प्रदेशचें नेतृत्व करतांना त्यांनीं राजस्थानविरुद्ध 84 धांवा काढल्या आणि विनू मंकड यांना षटकार मारले. एवढ्या वयापर्यंत जागा अडवून बसणें बरें नव्हे, असें म्हणणारे तेव्हांहि होते. मंकडना षटकार मारणारा तरुण त्यांनीं दाखवावयास हवा होता. 14 नोव्हेंबर 1967 रोजीं इंदूर येथें त्यांचें निधन झालें. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू या पुढें क्रिकेटच्या समालोचक म्हणून नांवारूपास आल्या, आणि 1995 सालीं, पित्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्यांनीं वडिलांच्या आठवणींचें पुस्तक लिहिलें.

1994 सालीं नियामक मंडळानें नायडूंच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान ज्यांना मिळाला ते वृद्ध गृहस्थ म्हणजे लाला अमरनाथ. 1936 सालीं इंग्लंडहून बोटीनें परत धाडलेले तेच.